हरण्याचा परवाना

२ ऑक्टोबर १९९४ च्या रविवारी रात्री अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात एक सामना झाला. मैदानाच्या एका कडेला ६४ वर्षांचे डॉन शुला उभे होते, मायामी डॉल्फिन्स संघाचे मुख्य प्रशिक्षक. समोरच्या कडेला ३५ वर्षांचा डेव्हिड शुला, सिनसिनाटी बेंगल्स संघाचा मुख्य प्रशिक्षक. बाप आणि लेक. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये बाप-लेक मुख्य प्रशिक्षक म्हणून एकमेकांसमोर ठाकण्याची ती पहिली वेळ. बापाने २३-७ असा विजय मिळवला. वर्षभराने, १९९५ मध्ये, पुन्हा सामना झाला. तोही बापाने २६-२३ असा जिंकला. तिकडच्या वृत्तपत्रांना आणि दूरचित्रवाणीला हे दृश्य फार भावले.

आम्ही या खेळाचे शौकीन नाही. आम्ही वकील. सामना किती गुणांनी सुटला यापेक्षा त्या कडेला उभ्या असलेल्या माणसाची नेमणूक कशी झाली, कोणी केली आणि त्या वेळी रांगेत आणखी कोण उभे होते, हे विचारण्याची आम्हांला खोड आहे. शुला घराण्याच्या बाबतीत हे प्रश्न विचारले म्हणजे एक मोठी मजेशीर आणि तितकीच गंभीर गोष्ट हाती लागते.

आधी खेळाविषयी दोन शब्द. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू अंडाकृती, आणि तो बहुतांशी हातातच असतो. अकरा-अकरा खेळाडू समोरासमोर उभे राहतात, काही सेकंद धडक होते, खेळ थांबतो, मग पुढची चाल. ही प्रत्येक चाल मैदानाबाहेर उभा असलेला प्रशिक्षक ठरवतो. बुद्धिबळाच्या पटावर हत्तीघोड्यांऐवजी हाडामांसाची माणसे ठेवावीत, तसा हा प्रकार. म्हणून तिकडे प्रशिक्षकाला सेनापतीचा मान आहे. त्याच्या हाताखाली दुय्यम प्रशिक्षकांची फौज असते. कोणी धावपटूंना शिकवतो, कोणी झेल घेणाऱ्यांना. त्यांच्यावर चढाईचा एक आणि बचावाचा एक असे प्रमुख, आणि सर्वांच्या डोक्यावर मुख्य प्रशिक्षक. आज लीगमध्ये ३२ संघ आहेत. म्हणजे तीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात या खुर्च्या फक्त ३२. त्यांच्यासाठी परीक्षा नाही, गुणवत्ता यादी नाही. संघ ही खासगी मालमत्ता, आणि मालक ज्याला बसवील तो बसेल.

डॉन शुला यांना ही खुर्ची कोणी आंदण दिली नव्हती, हे प्रथम कबूल केले पाहिजे. जन्म १९३०, ओहायो राज्यातले ग्रँड रिव्हर हे छोटे गाव. घराणे हंगेरीहून आलेल्या स्थलांतरितांचे. क्लीव्हलँडच्या जॉन कॅरोल या लहानशा महाविद्यालयात ते शिकले. १९५१ साली क्लीव्हलँड ब्राऊन्स संघाने त्यांना निवडले तेही नवव्या फेरीत, म्हणजे उरल्यासुरल्यांत. सात वर्षे तीन संघांकडून खेळले. मग दोन विद्यापीठांत दुय्यम प्रशिक्षक, मग डेट्रॉईट संघात बचावाचे प्रमुख, आणि १९६३ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सचे मुख्य प्रशिक्षक. १९७० मध्ये ते मायामीला गेले. आदल्या हंगामात त्या संघाने चौदांपैकी तीनच सामने जिंकले होते. शुलांनी पहिल्याच वर्षी दहा जिंकून दिले. १९७२ च्या हंगामात तर त्यांचा संघ १७ सामने खेळला आणि १७ ही जिंकला. असा निष्कलंक हंगाम त्या लीगमध्ये अंतिम विजेतेपदापर्यंत दुसऱ्या कोणालाही नेता आलेला नाही. पुढच्याही वर्षी विजेतेपद त्यांचेच. ३३ हंगामांत पराभव विजयांपेक्षा जास्त झाले ते फक्त दोनदा. १९९५ अखेर निवृत्त झाले तेव्हा एकूण विजय ३४७. हा विक्रम घेऊनच २०२० मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते वारले. या माणसाच्या कर्तबगारीपुढे आमची टोपी खाली.

आता लेकाकडे वळू.

डेव्हिड डार्टमथ या प्रतिष्ठित महाविद्यालयात खेळला. १९८१ मध्ये एक हंगाम व्यावसायिक संघात काढला. १९८२ मध्ये वडिलांनी त्याला आपल्याच संघात दुय्यम प्रशिक्षक म्हणून घेतले. वय २३. ज्या मायामी संघात तो शिकवू लागला तेथे त्याच्यापेक्षा वयाने मोठे खेळाडू होते. १९८६ मध्ये, म्हणजे अवघ्या २६ व्या वर्षी, फिलाडेल्फियाच्या मालकाने मुख्य प्रशिक्षकपदासाठी त्याच्याशी बोलणी केली. ती फिसकटली. १९८९ मध्ये तो डॅलस संघात चढाईचा प्रमुख झाला. तेथे दोन वर्षांत संघाची चढाई इतकी दुबळी ठरली की ती जबाबदारी त्याच्याकडून काढून घेण्यात आली. मग १९९१ मध्ये सिनसिनाटीत पुन्हा खालच्या पायरीवर, झेल घेणाऱ्यांचा प्रशिक्षक.

आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला! वय ३२, त्या वेळच्या लीगमधला सर्वांत तरुण. एका पायरीवरून घसरलेला माणूस वर्षभरात शिखरावर.

हा चमत्कार कसा घडला? सिनसिनाटी संघाचे मालक होते माईक ब्राऊन. हा संघ त्यांच्या वडिलांनी, पॉल ब्राऊन यांनी, १९६८ मध्ये उभा केला. पॉल ब्राऊन ऑगस्ट १९९१ मध्ये वारले आणि संघाचा कारभार मुलाच्या हाती आला. पाच महिन्यांच्या आत मुलाने डेव्हिडला नेमले. आता पाहा : नवव्या फेरीत डॉन शुलांना ज्या क्लीव्हलँड संघाने घेतले त्याचे प्रशिक्षक हेच पॉल ब्राऊन. म्हणजे एका गुरूचा मुलगा वारशाने मालक झाला आणि त्याने वडिलांच्या शिष्याच्या मुलाला प्रशिक्षक केले. शिवाय माईक ब्राऊनही डार्टमथचेच माजी खेळाडू. यात कोणताही कायदा मोडला गेला नाही. लाच नाही, खोटा दाखला नाही. दोन घरांची जुनी ओळख होती, एवढेच. पण आमच्याकडे गावच्या पाटीलकीचे वतन ज्यांनी पाहिले आहे त्यांना या व्यवहाराचा वास ओळखायला वेळ लागत नाही.

निकाल काय लागला? १९९२ मध्ये ५ विजय, ११ पराभव. १९९३ मध्ये ३ आणि १३. हंगामाचे पहिले दहा सामने ओळीने हरले. १९९४ मध्ये पुन्हा ३ आणि १३, यावेळी पहिले आठ ओळीने. १९९५ मध्ये ७ आणि ९. १९९६ मध्ये सातांपैकी सहा गमावल्यावर त्याला काढण्यात आले. एकूण १९ विजय, ५२ पराभव. पराभवांचे अर्धशतक लीगमध्ये इतक्या झटपट आधी कोणी गाठले नव्हते.

डेव्हिडला नालायक ठरवणे हा आमचा हेतू नाही. त्याच्या संघात चांगल्या खेळाडूंची वानवा होती, आणि खेळाडू निवडण्याचा अधिकार बराचसा मालकाकडेच होता. तो मेहनती होता, लहानपणापासून वडिलांच्या सरावशिबिरांत वाढला होता. सुताराच्या मुलाला रंधा धरायला कोणी शिकवावे लागत नाही, तसे ते ज्ञान त्याला घरबसल्या मिळाले. हे खरे ज्ञान आहे, त्याला आम्ही हिणवत नाही. आमचा मुद्दा वेगळाच आहे. बापाच्या नावाने त्याला विजय मिळाले नाहीत. विजय वारशाने मिळतच नसतो. बापाच्या नावाने त्याला मिळाला तो हरण्याचा परवाना. दहा ओळीने हरा, उद्या पुन्हा या. पुढच्या वर्षी आठ हरा, तरी या.

ही बाब आम्हांला वकिलीच्या धंद्यातून नेमकी कळते. सनद सर्वांना एकसारखीच मिळते. पण ज्याच्या घरी बापाने जमवलेली कायद्याच्या पुस्तकांची कपाटे आहेत आणि ओटीवर दोन पिढ्यांचे पक्षकार बसलेले आहेत, तो पहिला दावा हरला तरी दुसरा पक्षकार वकीलपत्र घेऊन बसलेलाच असतो. आमच्या घराण्यात काळा कोट घालणारे आम्ही पहिले. आम्ही पहिला दावा हरलो तेव्हा तालुक्याच्या कोर्टात पुढचे सहा महिने आमच्या बाकड्याकडे कोणी फिरकले नाही. दोघांचीही विद्या एकच, हरणेही एकच. पण एकाचे हरणे म्हणजे अनुभव आणि दुसऱ्याचे हरणे म्हणजे पुरावा!

आता रांगेत कोण होते ते पाहू. डेव्हिडची नेमणूक झाली तेव्हा त्या लीगमध्ये, जेथे खेळाडूंमध्ये कृष्णवर्णीयांचा भरणा होता, कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक किती होते? एक. आर्ट शेल, तेही १९८९ पासून. त्यांच्या आधी असा माणूस शोधायचा तर १९२१ च्या फ्रिट्झ पोलार्ड यांच्यापर्यंत मागे जावे लागते. टोनी डंजी नावाचे एक प्रशिक्षक १९८४ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, पिट्सबर्ग संघाच्या बचावाचे प्रमुख झाले होते. त्यांना मुख्य प्रशिक्षकपद मिळायला १९९६ उजाडले. डेव्हिडला हाकलले तेच वर्ष. मधल्या काळात डेव्हिडच्या ७१ सामन्यांपैकी बहुतेक होऊनही गेले होते.

डंजी यांनी रडतखडत चालणारा टँपा बे संघ उभा केला, बाद फेरीत नेला, आणि जानेवारी २००२ मध्ये त्यांना काढण्यात आले. त्याच महिन्यात मिनेसोटाचे डेनिस ग्रीन यांनाही निरोप मिळाला. त्यांच्या दहा हंगामांत पराभव जास्त झाले ते फक्त एकदा, शेवटच्या वर्षी. एक वर्ष हरले आणि गेले! येथे दोन वकील पुढे आले : सायरस मेहरी आणि जॉनी कॉक्रन. त्यांनी सरळ कोर्टात धाव घेतली नाही. आधी आकडे मांडले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ जॅनिस मॅडन यांच्याकडून पंधरा वर्षांच्या नोंदी तपासून घेतल्या. निष्कर्ष असा की, कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक हंगामाला सरासरी १.१ सामने गोऱ्यांपेक्षा जास्त जिंकत होते, तरी त्यांना पद उशिरा मिळत होते आणि काढले मात्र लवकर जात होते. गुणवत्तेचा टेंभा मिरवणाऱ्यांच्या हातात त्यांचाच टेंभा या वकिलांनी उलटा दिला. त्यातून २००३ च्या सुमारास ‘रूनी नियम’ आला. मुख्य प्रशिक्षक नेमण्यापूर्वी किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्या, एवढेच तो तेव्हा सांगत होता. राखीव जागा नाही, टक्केवारी नाही. फक्त दार उघडा आणि समोरच्याचे ऐकून घ्या. एवढेही डेट्रॉईटच्या संघप्रमुखांना जमले नाही, तेव्हा २००३ मध्ये त्यांना दोन लाख डॉलर दंड झाला. गंमत अशी की ज्या डॅन रूनी यांचे नाव या नियमाला आहे, त्या पिट्सबर्गच्या मालकांनाही संघ वडिलांकडूनच वारशाने मिळाला होता. वारसदाराला न्यायबुद्धी नसतेच असे नाही.

आणि माईक ब्राऊन? त्याच २००३ साली त्यांनी मार्विन लुईस या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाला नेमले. आदल्या वर्षी १६ पैकी दोनच सामने जिंकलेल्या संघाला लुईस यांनी पहिल्याच हंगामात आठ जिंकून दिले, आणि ते तेथे २०१८ पर्यंत, तब्बल १६ हंगाम टिकले. बाद फेरीत सात वेळा जाऊनही एकही सामना जिंकता आला नाही, तरी मालकाने त्यांना ठेवले. तेव्हा परवाना देणारा हात तोच होता. तो कोणापुढे करायचा एवढाच प्रश्न होता.

मात्र मुलाखत आणि मुलाखतीचे नाटक यांत फरक असतो. शुलांच्याच मायामी संघाचे पुढचे एक प्रशिक्षक, ब्रायन फ्लोरेस, यांना ओळीने दोन हंगामांत पराभवांपेक्षा जास्त विजय मिळवूनही जानेवारी २०२२ मध्ये काढण्यात आले. पुढच्या महिन्यात त्यांनी लीगवर आणि काही संघांवर दावा लावला. त्यातला एक आरोप असा की, एका संघाने दुसऱ्याला नेमायचे आधीच ठरवून केवळ नियमाची पूर्तता म्हणून आपली मुलाखत घेतली. दावा दाखल झाला त्या दिवशी लीगमध्ये कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक पुन्हा एकच होता. संघांनी आरोप नाकारले. प्रकरण न्यायालयात चालावे की लीगच्या घरच्या लवादापुढे, यावरच काही वर्षे गेली. २०२५ मध्ये अपील न्यायालयाने लीग आणि तीन संघांविरुद्धचे त्यांचे आरोप न्यायालयातच चालतील असा निर्णय दिला. प्रतिवादीच्या घरचा लवाद म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

शुलांच्या धाकट्या लेकाची, माईकची, गोष्ट अजून राहिली आहे. आमच्या मते तीच खरी ऐकण्यासारखी.

अलाबामा राज्यातील टस्कालूसा हे विद्यापीठाचे गाव. जून १९६३ मध्ये राज्यपाल जॉर्ज वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला याच विद्यापीठाच्या दारात जातीने उभे राहिले होते. त्याच गावात सिल्व्हेस्टर क्रूम नावाचा आठ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा राहत होता. त्याचे वडील धर्मोपदेशक. तेही एके काळचे नामांकित फुटबॉलपटू, पण अलाबामा विद्यापीठाचे दार बंद असल्याने कृष्णवर्णीयांच्या अलाबामा ए अँड एम महाविद्यालयात खेळलेले. दार उघडल्यावर मुलगा विद्यापीठात गेला, तेथील संघात खेळला आणि १९७४ मध्ये देशातील सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला. पुढे तेथेच दहा वर्षांच्या आसपास दुय्यम प्रशिक्षक होता. माईक शुला त्या संघातून खेळत होता तेव्हा क्रूम तेथे शिकवत होते. मग सोळा वर्षे व्यावसायिक लीगमध्ये पाच संघांत नोकरी. डेट्रॉईटमध्ये ते चढाईचे प्रमुख असताना १९९७ मध्ये बॅरी सँडर्सने एका हंगामात २०५३ यार्डांची मजल मारली.

मे २००३ मध्ये अलाबामाचे मुख्य प्रशिक्षकपद अचानक रिकामे झाले. तिघांच्या मुलाखती झाल्या, तिघेही विद्यापीठाचे माजी खेळाडू. क्रूम ४८ वर्षांचे, अनुभव २७ वर्षांचा. माईक ३७ वर्षांचा. मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव दोघांनाही नव्हता. टँपा बे संघात चढाईचा प्रमुख म्हणून डंजी यांच्या हाताखाली चार वर्षे काढल्यावर माईकची नोकरी गेली होती. नेमणूक माईकची झाली. जेसी जॅक्सन यांनी जाहीर निषेध केला. विद्यापीठ म्हणाले, वर्णाचा संबंध नाही. असेलही. ज्या निवडीला लेखी निकषच नाही, तिच्यात भेदभाव सिद्ध करणे कोणत्याही देशातल्या वकिलाला अवघडच. आणि रूनी नियम विद्यापीठांना लागू नव्हता. ओरेगॉन राज्याने आपल्या सरकारी विद्यापीठांसाठी तसा कायदा केला तोही २००९ मध्ये.

त्याच वर्षी १ डिसेंबरला शेजारच्या मिसिसिपी राज्य विद्यापीठाने क्रूम यांना बोलावले. दक्षिणेतील बड्या विद्यापीठांच्या त्या क्रीडासंघात, १९३२ मध्ये त्याची स्थापना झाल्यापासून, फुटबॉलचा हा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. मिसिसिपीने बोलवावे आणि अलाबामाने नाही, यावर हसावे की रडावे! संघ मोडकळीला आलेला, नियमभंगाबद्दल शिक्षा भोगणारा. पहिल्या तीन हंगामांत ९ विजय, २५ पराभव. ही आकडेवारी डेव्हिड शुलाच्या जवळपास जाणारी आहे. पण मिसिसिपीने त्यांना काढले नाही.

४ नोव्हेंबर २००६ रोजी क्रूम आपला संघ घेऊन टस्कालूसाला आले. जन्मगावी, आपल्याच जुन्या मैदानावर, समोर माईक शुला. क्रूम यांचा संघ २४-१६ असा जिंकला. महिनाअखेर अलाबामाने माईकला काढले. चार वर्षांत २६ विजय, २३ पराभव, त्यांत २००५ चा दहा विजयांचा एक उत्तम हंगाम. माईक पुढे व्यावसायिक लीगमध्ये परतला आणि २०१५ मध्ये कॅरोलायना संघाची चढाई त्याने इतकी धारदार केली की संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. डेव्हिड घराण्याच्या उपाहारगृहांच्या धंद्यात वीसहून अधिक वर्षे रमला आणि २०१८ मध्ये डार्टमथला परतला. पुन्हा पहिल्या पायरीवर, झेल घेणाऱ्या पोरांना शिकवायला. आम्हांला तो तेथे जास्त सुखी असावा असे उगाचच वाटते.

२००७ मध्ये क्रूम यांच्या संघाने आठ सामने जिंकले, त्यांत अलाबामावर पुन्हा मात, १७-१२. यावेळी समोर निक सेबन होते. क्रूम त्या क्रीडासंघाचे वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. २००८ चा हंगाम पुन्हा वाईट गेला आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर ते व्यावसायिक लीगमध्ये धावपटूंना शिकवायला गेले. मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीवर पुन्हा बसले नाहीत.